झुंबरबाईचे चतुर

कपाशीवर औषध मारायचं तर माणसं दोन लागतात. एक पाठीवर पंप घेऊन ओळीओळीनं चालणारा आणि दुसरी त्याला पाणी पुरवणारी. नाव होतं ते पंपवाल्याचं. लोटननं फवारा मारला की पान न् पान ओलं होणार, असं हिवऱ्याचे शेतकरी कौतुकानं सांगायचे. पाणी कोणी आणलं, हे मात्र कधी कोणी विचारलं नाही. पाण्याचं काय, ते आपोआपच येतं अशी सगळ्यांची समजूत.

ते आपोआप येणारं पाणी डोक्यावरून वाहून आणायची लोटनची बायको, झुंबरबाई.

हिवरं दोंडाईच्यापासून तीन कोसांवर. गावाच्या वरच्या अंगाला एक तळं आहे. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर ते खोदलं गेलं, तेव्हा झुंबरबाई नुकतीच लग्न होऊन आलेली, सोळा-सतरा वर्षांची होती. त्या तळ्यातली माती तिनं पाटीपाटीनं बांधावर नेऊन टाकली होती. पुढे पाऊस झाला, तळं भरलं, काठानं लव्हाळं आणि बेशरमाची झुडपं माजली. झुंबरबाईची पाटी जाऊन डोक्यावर हंडा आला. म्हणजे ओझं काही उतरलं नाही, फक्त ओलं झालं.

बाई अंगानं लहानखुरी, आणि आवाज तर त्याहून लहान. बोललीच तर समोरच्याला कान पुढे करावा लागे. पण एका गोष्टीत ती कोणाचं ऐकायची नाही, ती म्हणजे पाणी गाळण्यात. पंपाच्या नळीच्या टोकाला एक बारीक भोकाचं पितळी बोंडूक असतं, त्याला सगळे नोझल म्हणतात. त्यात शेवाळाचा एक धागा अडकला तरी फवारा बंद पडतो, आणि मग सुई घेऊन बांधावर बसावं लागतं. म्हणून पाणी गाळायचं. बाकीच्या बाया शेतातल्या ड्रमवर फडकं टाकून गाळायच्या आणि फडक्यातला गाळ तिथंच झटकायच्या. झुंबरबाई गाळायची ती तळ्याच्या काठावर, जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून. गाळून झालं की तो तुकडा पाण्यात उलटा बुडवून हलवायची. जे जे त्यात अडकलं असेल ते ते परत तळ्यात. त्यापायी प्रत्येक खेपेला दोन मिनिटं जास्त लागायची. शेजारची धुरपदाबाई तिला चिडवायची की, तू काय त्या किड्यांना माहेरी पोचवतेस? झुंबरबाई म्हणायची, माहेरच आहे त्यांचं ते.

फडक्यात काय काय यायचं! शेवाळ, बेडकांची शेपटीवाली पिलं, तांदळाएवढ्या गोगलगायी. आणि एक चपटा, मातकट, सहा पायांचा किडा. दिसायला असा कुरूप की हातात घ्यायला जीव धजू नये. त्याला गावात नावसुद्धा नव्हतं. झुंबरबाईनं एकदा ओंजळभर पाण्यात तो धरून पाहिला. ओंजळीत डासांच्या दोन अळ्या वळवळत होत्या. त्या किड्यानं तोंडाखालून, घडी घातलेला हात उलगडावा तसं काहीतरी झटकन बाहेर काढलं, एक अळी धरली आणि खाऊन टाकली. मग दुसरीही. झुंबरबाईला तो त्या क्षणी आवडला. कुरूप असेना का, कामाचा होता, आणि कामाच्या माणसाकडे कोणी बघत नाही हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

एका वर्षी तिनं त्यातला एक पितळी तांब्यात घालून घरी आणला, तांब्यात पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, एक काडी उभी केली आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवून दिला. लोटन पहिल्याच दिवशी तो तांब्या तोंडाला लावायला निघाला होता, थोडक्यात वाचला. कोण वाचला, लोटन की किडा, यावर नवरा-बायकोत पुढं बरीच वर्षं मतभेद राहिले. पाचव्या दिवशी पहाटे ती चूल पेटवायला उठली, तर काडीवर किड्याची पोकळ कात होती आणि कातीला धरून एक चतुर बसला होता. आखा, कोरा, पिवळसर तांबूस चतुर. पावसाळी वाऱ्याबरोबर आभाळातून येतात असं सगळं गाव म्हणतं, तोच. झुंबरबाई बराच वेळ काडेपेटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्या दिवशी चहाला उशीर झाला. तिनं लोटनला सगळं सांगितलं. लोटन म्हणाला, "हं." आणि चहा प्यायला.

तेव्हापासून दर वर्षी श्रावण-भादव्यात तिचं लक्ष तळ्याकडे. पाण्यातला किडा खायचं थांबला की उथळ काठाला येतो. मग दोन-तीन दिवस डोकं पाण्याबाहेर काढून नुसता बसतो. मग ऊबदार पहाट बघून लव्हाळ्यावर चढतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, अक्षरओळख तर नव्हतीच. बघून बघून कळलं होतं. शेकड्यांनी निघायचे. सूर्य वर यायच्या आत उडूनही जायचे, म्हणून ते कोणाच्या नजरेस पडत नव्हते. इतक्या पहाटे तळ्यावर येणार तरी कोण? यायची ती एकटी झुंबरबाई. ती हे कोणाला सांगायला गेली नाही. सांगून कोणी ऐकलं असतं असंही नाही.

एक्याण्णव साली मात्र सांगायची वेळ आली.

तळ्याला लागून भाईदास आबांचं शेत होतं. आबा साठीचे, गावात मान असलेले, मनानं वाईट नाहीत, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते तिथं मांडी घालून बसायचं. धोतर कायम परीटघडीचं, पांढरंशुभ्र. त्या वर्षी त्यांना वाटलं, काठावरची जागा उगाच बेशरमानं अडवली आहे. उन्हाळ्यात त्यांनी लव्हाळं आणि बेशरम मुळापासून काढून टाकलं आणि अगदी पाण्यापर्यंत कपाशीच्या चार ओळी जास्तीच्या लावल्या. पावसाळ्यात तळं भरलं आणि त्या ओळींचे बुंधे पाण्याला टेकले.

श्रावण सरत आला तेव्हा सगळ्या शिवारातल्या बोंडांना भोकं पडू लागली. बोंडअळीच ती. दोनदा औषध मारूनही हटत नव्हती, आणि शेतकऱ्यांचे चेहरे उतरले होते. एका सकाळी आबा काठाकडच्या ओळींत गेले आणि थबकले. कपाशीच्या झाडांवर, खालपासून वरपर्यंत, मातकट किड्यांच्या काती चिकटलेल्या होत्या. पाठीला चीर पडलेल्या, पोकळ. एकेका झाडावर पाच पाच, सात सात. खाली पाण्यात बघतात तर तसलेच जिवंत किडे डोकी वर काढून बसलेले. आबांनी वर भोकं पडलेली बोंडं बघितली, खाली किडे बघितले आणि त्यांना सगळं समजलं. म्हणजे सगळं चुकीचं समजलं, पण समजल्याचं समाधान सारखंच असतं. कीड पाण्यातून येते, झाडावर चढते, कात टाकते आणि बोंडात शिरते! दोन फवारे वाया का गेले, त्याचं उत्तर मिळालं. लव्हाळं आपणच काढलं म्हणून ते किडे लव्हाळ्याऐवजी कपाशीवर चढले, हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

आबांनी चार काती रुमालात बांधल्या, पुतण्या सुकदेवला बरोबर घेतलं आणि एस.टी.नं दोंडाईचा गाठलं. औषधाच्या एका दुकानदारानं काती पाहिल्या, मग आबांचा चेहरा पाहिला, आणि बोलायला काही वेळ लावला नाही. ही नवीनच कीड आहे, म्हणाला, पाण्यात वाढते, मुळावरच घाव घाला. त्यानं वरच्या फळीवरून दोन मोठे डबे खाली घेतले.

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली. बोंडं सगळ्यांचीच किडली होती, त्यामुळे सगळ्यांनाच पटलं. तळ्याच्या काठानं चहूबाजूंनी फवारा मारायचा आणि उरलेला डबा सरळ उथळ पाण्यात ओतायचा, असं ठरलं. आठ-पंधरा दिवस माणसांनी विहिरीचंच पाणी प्यायचं, गुरं नाल्यावर पाजायची. लोटनला निरोप गेला की सकाळी पंप घेऊन ये.

लोटननं ही बातमी जेवताना सांगितली. झुंबरबाईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. ते चतुर आहेत, ती म्हणाली. लोटन म्हणाला, तू म्हणतेस ते मला माहीत आहे, पण आबांना कोण सांगणार? त्याचंही खोटं नव्हतं. आखा हंगाम त्याचा पंप आबांच्याच शेतात चालायचा. तिला रात्री झोप लागली नाही. त्या तळ्यातला एकही जीव तिनं आजवर फडक्यासरशी काठावर मरू दिला नव्हता, आणि आता सगळंच तळं एका डब्यानं मरणार होतं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. राग यायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो कुठं ठेवावा ते कळेना.

सकाळी बांधावर आबा छत्री टेकून उभे, शेजारी सुकदेव आणि डबे, पाठीला पंप बांधलेला लोटन, बघायला आलेली पंधरा-वीस माणसं. झुंबरबाई आली, तिनं हंडा डोक्यावरून उतरवला, काठावर पालथा घातला आणि त्याच्यावर बसली.

"मी आज पानी भरस नही, आबा," ती म्हणाली.

आबांना आधी ऐकूच आलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं. मग तिनं सांगायचा प्रयत्न केला की ही कीड नाही, यातून चतुर निघतात, बोंडअळी वेगळी. लोक खो खो हसले. चतुर पाण्यातून निघतो म्हणे! मग मासा आभाळातून पडत असेल. सुकदेवनं धुरपदाबाईला हाक मारली, तू आण पाणी. धुरपदाबाईनं झुंबरबाईकडे एकवार बघितलं आणि कमरेला हात लावून कण्हत खाली बसली. सकाळपासून कंबर धरली आहे, म्हणाली. ती त्याच कमरेवर पाण्याची कळशी घेऊन तिथवर आली होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

सुकदेव चिडला. त्यानं स्वतःच बादली भरली, आणि न गाळता सरळ पंपात ओतली. लोटननं दांडा मारला, चार पावलं चालला आणि फवारा बंद. सुईनं नोझल साफ केलं. पुन्हा सहा पावलं, पुन्हा बंद. शेवाळ, दुसरं काय. तिसऱ्या वेळी लोटन खाली बसून सुई फिरवू लागला. जे काम तो एरवी चुटकीसरशी करायचा त्याला चांगला घटकाभर वेळ लावला. त्यानं मान वर केली नाही, पण झुंबरबाईला कळलं. बारा वर्षांपूर्वीचा तो "हं" तिनं त्याला मनातल्या मनात माफ करून टाकला.

आबांचा पारा चढला होता, पण एवढ्या माणसांत बाईमाणसावर ओरडणं त्यांना शोभलं नसतं. तुझं म्हणणं तरी काय आहे, त्यांनी विचारलं.

"एक सकाय द्या माले. बठ्ठा जण तयावर या," झुंबरबाईनं सगळ्या गावालाच तळ्यावर बोलावलं. "नही निंघनात चतुर, ते मी सोता पानी भरसु."

आणि गाळूनही देईन, असं तिनं वर सांगितलं. आबांनी विचार केला. पंप तर बंदच पडला होता, आणि उद्या सगळ्या गावासमोर ही बाई खोटी पडली तर प्रश्नच मिटला. ठीक आहे, म्हणाले. पण एकच सकाळ. दुसरी नाही.

एक सकाळ तर मिळाली. आणि त्याच दुपारी उत्तरेकडून, तापीच्या अंगानं, गार वारा सुटला. आभाळ भरून आलं. गारठ्यात ते किडे वर चढत नाहीत हे झुंबरबाईइतकं कोणाला माहीत नव्हतं. संध्याकाळी ती काठावर जाऊन बसली. किडे डोकी काढून गप्प बसलेले होते. निघा रे उद्या, तिनं त्यांना सांगितलं. आजवर तुम्हाला परत टाकत आले, आता एकदा तरी माझं ऐका.

पहाटेच गाव तळ्यावर लोटलं. तमाशाला जमावी तशी गर्दी, बाया, म्हातारेकोतारे, सगळे. गारठा असा की माणसांनी घोंगड्या पांघरल्या होत्या. सुकदेव तर पूर्ण तयारीनिशी आला होता. बैलगाडीवर विहिरीच्या स्वच्छ पाण्याचा ड्रम, वर आणखी दोन पंपवाले. आज त्याला ना झुंबरबाईची गरज होती ना तिच्या फडक्याची. कालची तिची ताकद ड्रमभर पाण्यानं संपली होती.

उजाडलं. एकही किडा चढला नाही. अर्धा तास गेला, तास गेला. सूर्य ढगाआडून नुसता पांढुरका दिसत होता. लोक कुजबुजायला लागले. कोणी म्हणालं, चतुर झोपलेत, उठवा. कोणी म्हणालं, झुंबरबाई, एखादा पेरायचा राहिला का? काहीजण घराकडे वळले. झुंबरबाई पाण्याच्या कडेला उकिडवी बसून एकटक बघत होती. तिला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. लोटन पंप उतरवून तिच्यामागे उभा होता.

शेवटी आबा पुढे आले. पुरे झालं, म्हणाले. बाईचा शब्द ठेवला, आता काम सुरू करा. आणि सगळ्यांची खात्री पटावी म्हणून पायातल्या वहाणा काढून ते स्वतः पाण्यात उतरले, घोट्याच्या वरपर्यंत. धोतराचा सोगा पाण्यावर तरंगला. कुठे आहेत चतुर, दाखवा, ते म्हणाले. मग गावाकडे तोंड करून ते अंधश्रद्धेवर बोलू लागले. आबा बोलायला लागले की लवकर थांबत नसत. ते तसे उभे असतानाच ढग फाटला आणि ऊन पडलं. पाठीवर ऊब आली, घोंगड्या सैल झाल्या. आबांचं बोलणं चालूच होतं.

आणि झुंबरबाईला दिसलं. आबांच्या उजव्या पायाशी, पांढऱ्या धोतराच्या ओल्या काठावर, एक मातकट किडा पाण्यातून वर आला होता. काढून टाकलेल्या लव्हाळ्याच्या जागी त्याला आबांचा पाय सापडला होता. एकेक पाय टाकत तो गुडघ्याकडे निघाला.

"हालू नका, आबा!"

हा आवाज झुंबरबाईचा आहे हे कोणाला खरं वाटेना. पार बांधापलीकडच्या वडाखाली उभ्या असलेल्या माणसांना तो ऐकू गेला. आबा जागच्या जागी थिजले. खरं सांगायचं तर त्यांना वाटलं साप आहे. मग त्यांनी मान खाली घालून हळूच पाहिलं. किडा गुडघ्याच्या खाली थांबला होता, धोतरात नखं रोवून, घट्ट.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या पाठीवर, डोक्यामागे, बारीक चीर पडली. ती रुंद झाली. आतून फिकट, हिरवट, ओलसर पाठ फुगून वर आली. मग डोकं सुटलं, आणि काय ते डोळे! मग पाय. अर्धं अंग बाहेर आलं आणि मागे उलटं लोंबकळलं, मेल्यासारखं. गर्दीतून कोणीतरी हळहळलं. मेला बिचारा, धुरपदाबाई म्हणाली. झुंबरबाईनं नुसती मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं उसळी मारून आपलीच कात पायांनी पकडली आणि शेपूट बाहेर ओढून घेतलं. खांद्यावर पंखांच्या नुसत्या चुरगळलेल्या पुरचुंड्या होत्या. त्या बघता बघता उलगडत गेल्या. आधी दुधी, मग पाणेरी, मग इतक्या स्वच्छ की आरपार धोतराचे धागे दिसावेत.

या सगळ्याला तासाच्या वर वेळ लागला, आणि तेवढा वेळ भाईदास आबा पाण्यात उभे होते. पायाला मुंग्या आल्या, लोटननं पाण्यात उतरून खांदा दिला, तो त्यांनी मुकाट घेतला. सुकदेव काहीतरी बोलायला गेला तर त्यांनी त्याला बोटानं गप्प केलं. सुरुवातीला ते लाजेखातर उभे होते. मग केव्हातरी त्यांचा चेहरा बदलला. ओठ किंचित उघडे, कपाळावरची आठी गेलेली. साठ वर्षं या मातीत काढून आपल्याला हे ठाऊक नव्हतं, असं काहीसं त्या चेहऱ्यावर होतं, आणि ते लपवायचं भान त्यांना उरलं नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी कपाशीकडे बोट दाखवलं. उन्हानं सगळ्यांनाच एकदम जाग आली होती. चारी ओळींत, झाडाझाडावर, बांधाच्या दगडांवर, लोटननं काठाशी उतरवलेल्या पंपाच्या पाण्यात लोंबणाऱ्या नळीवरसुद्धा, किडे चढत होते, पाठी उकलत होत्या, पंख सुटत होते. गारठा पडला नसता तर हे सगळं अंधारातच उरकलं असतं आणि गाव यायच्या आत काठावर फक्त काती उरल्या असत्या. ज्या थंडीला ती रात्रभर घाबरली, त्या थंडीनंच तिच्यासाठी त्यांना थोपवून धरलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा झुंबरबाई हसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आबांच्या गुडघ्याखालच्या चतुरानं पंख पसरले. ते थरथरले. आणि तो उडाला, आबांच्या छातीवरून, चेहऱ्यासमोरून, गर्दीच्या डोक्यांवरून वर. त्याच्यामागे काठावरचे उठले, मग कपाशीतले. दहा, पन्नास, शेकडो. तळ्यावर उन्हात नुसते पंखच पंख झाले. बाया माना वर करून बघत राहिल्या. कालपासून हसणारी माणसं टोप्या काढून हातात घेऊन उभी होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या कोवळ्या चतुरांतले काही कपाशीवर घिरट्या घालत चिलटं टिपू लागले, तेही सगळ्यांनी पाहिलं.

झुंबरबाई उठून उभी राहिली. उंचीनं ती तेवढीच होती, पण त्या दिवशी ती मोठी दिसली, असं पुढं बरेचजण सांगायचे. तिला स्वतःला तर आपण बांधापेक्षा उंच झालो आहोत असं वाटत होतं. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, हे तिनं लोटनला त्याच संध्याकाळी तोंडावर सांगितलं.

आबा पाण्याबाहेर आले. धोतरावर कात तशीच चिकटलेली होती. ती त्यांनी काढली नाही.

"लोटन, पंप घर लई जाय," ते म्हणाले. सुकदेवला डबे गाडीत टाकायला सांगितले, जिथून आणले तिथं परत पोचवायला. आणि ती चिकटलेली कात घेऊनच ते गावातून घरापर्यंत चालत गेले.

खोटं कशाला सांगा, बोंडअळी काही चतुरांनी हटली नाही. त्या वर्षीची बोंडं किडली ती किडलीच. पण तळं वाचलं. पुढच्या उन्हाळ्यात आबांनी काठाच्या चार ओळी सोडून दिल्या आणि लव्हाळं पुन्हा माजू दिलं, कोणी काही न सांगता.

त्या सकाळनंतर तीनच दिवसांनी पोळा होता. हिवऱ्यात बैल सजवून निघाले की मानाची पहिली जोडी आबांची, आणि ती पहिल्यांदा जाते ती त्यांच्याच थोरल्या घरी. झुंबरबाईच्या दारी बैल कधी येत नसत. ना शेत ना बैल, तिच्याकडे कोण कशाला येणार? ती मातीचे दोन बैल पाटावर मांडून पूजा करत बसली होती, तेवढ्यात गल्लीत ढोल वाजला आणि तिच्या बुटक्या दारासमोर शिंगं रंगवलेली, झुली घातलेली जोडी येऊन उभी राहिली. दोर आबांच्या हातात होता. मागे अर्धं गाव.

झुंबरबाई गोंधळली. घर चुकलं का, असं तिनं विचारलं.

"चुकनू नही," आबा म्हणाले. "तयं तुनं शे, झुंबर. आम्हीन नुसतं पानी पेतस."

तळं तिचं आहे, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ती आत गेली, ताटात निरांजन लावलं, मातीच्या बैलांसमोर ठेवलेली पुरणपोळी उचलली आणि बाहेर आली. आधी उजव्या बैलाच्या पायावर पाणी घातलं, मग डाव्याच्या. कुंकू लावलं, ओवाळलं, पोळीचे दोन तुकडे करून दोघांच्या तोंडात दिले. ढोल जोरात वाजू लागला आणि गावातले बाकीचे बैल तिच्या दारावरून पुढे निघाले.